आधी फाईल, मग ड्राइव्ह

वैरागसारख्या गावात कार्यालयाची कागदपत्रं क्लाउडवर चढवायला घेतली की पहिली तक्रार येते ती नेटची. सिंकचा गोल फिरतच राहतो, एकाच फाईलच्या दोन-दोन प्रती दिसतात, मोबाईलवर उघडली तर भलतीच अक्षरं येतात, आणि या सगळ्याचं खापर रेंजवर नाहीतर कॉम्प्युटरच्या वयावर फोडलं जातं. हे दुरुस्तीचं काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे की बहुतेक वेळा दोष यातल्या कशातच नसतो. फाईल पोचलेली असते. तिच्या आतला मजकूर ज्या पद्धतीने साठवला आहे ती पद्धत मात्र एका टेबलावरच्या, एका माणसाच्या, एका कॉम्प्युटरसाठी घडलेली असते. क्लाउड ती जशीच्या तशी दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवतं आणि तिथे ती निरुपयोगी ठरते. म्हणून दुरुस्ती फाईलपासून सुरू व्हायला हवी, आणि तीही एका ठरावीक क्रमाने. क्रम चुकला तर होणारं नुकसान काही वेळा कायमचं असतं.

वैराग हे बार्शी तालुक्यातलं बाजाराचं गाव. राज्याच्या बाजारभावाच्या यादीत ‘बार्शी-वैराग’ अशी त्याची वेगळी नोंद असते. ग्रामपंचायत जाऊन इथे नगरपंचायत आली आणि तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. आसपासच्या खेड्यांतल्या विविध कार्यकारी सोसायट्या, शाळा, पतसंस्था, अडत दुकानं, वकिलांची कार्यालयं आणि टायपिंग-झेरॉक्सची दुकानं मिळून अशा गावात मराठी मजकुराचा केवढा तरी साठा कॉम्प्युटरवर तयार होत असतो. त्यातला बराच भाग दोन अर्थांनी जुना असतो. एक म्हणजे फाईलचा प्रकार जुना: वर्डची ‘डॉक’ आणि एक्सेलची ‘एक्सएलएस’, म्हणजे ऑफिस ९७ ते २००३ च्या काळातली. दुसरं म्हणजे अक्षरांची साठवण जुनी: श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सीडॅकचे ‘डीव्हीबी’ फॉन्ट अशा कुठल्या तरी फॉन्टात बसवलेली. तक्रार एकच दिसत असली तरी ही दुखणी दोन आहेत, आणि दोन्ही एकाच औषधाने बरी होत नाहीत.

‘एवढं जुनं आता कोण वापरतं?’ असं शहरातला माणूस विचारतो. उत्तर कामाच्या रीतीत आहे. आपल्याकडे नवी फाईल कोरी अशी क्वचितच जन्मते. मागच्या वर्षीची उघडायची, साल बदलायचं, आकडे बदलायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायची, ही सार्वत्रिक पद्धत. त्यामुळे ताळेबंदाचा तक्ता, थकबाकीदारांची यादी, सभेच्या नोटिशीचा मसुदा, शाळेचा निर्गम उतारा, सगळेच फाईलचा प्रकार आणि फॉन्ट वारशाने घेऊन येतात. २०२४ साली तयार झालेली यादी १९९७ च्या साच्यात असते ती अशी. त्यात टायपिंगची सवय भर घालते. रेमिंग्टनच्या कळपाटावर बोटं बसलेल्या माणसाला त्याच कळपाटावर चालणारा जुना फॉन्ट हातचा वाटतो. इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कळपाट १९८६ पासून आहे, पण क्लासमध्ये शिकवलेली बोटं सरकारी मानकाने हलत नाहीत. शिवाय जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर कित्येकदा डोंगल लावून एकाच जुन्या मशीनवर चालतं, आणि त्या मशीनवर ड्राइव्हचं आजचं ॲप चालत नाही. विंडोज ७ वर वन ड्राइव्हचं सिंक २०२२ मध्येच बंद झालं. म्हणजे मजकूर जिथे लिहिला जातो तिथून तो क्लाउडवर थेट जाऊच शकत नाही. मध्ये पेन ड्राइव्ह येतो, आणि पेन ड्राइव्ह आला की एका फाईलच्या दोन फाईली व्हायला सुरुवात होते.

आता फाईलच्या प्रकाराकडे पाहू. जुनी डॉक फाईल ही आतून एक छोटी डिस्कच असते: ठरावीक मापाचे तुकडे, कुठला तुकडा कुठे आहे हे सांगणारा तक्ता, आणि मजकूर, रचना, चित्रं यांचे वेगवेगळे प्रवाह. फ्लॉपी आणि मंद हार्ड डिस्कच्या काळात एकाच मशीनवर झटपट उघडता-मिटता यावी म्हणून केलेली ती रचना होती आणि त्या काळाला ती शोभत होती. ऑफिस २००७ पासून आलेली डॉकएक्स ही मात्र झिप केलेली पेटी आहे. मजकूर साध्या एक्सएमएलमध्ये, चित्रं वेगळी, शैली वेगळ्या. एकाच कागदावर दोघं एकदम काम करत असतील तर कोणी कुठला परिच्छेद बदलला हे वन ड्राइव्हला या नव्या प्रकारात जुळवता येतं. जुन्या डॉकमध्ये आणि एक्सएलएसमध्ये एकत्र संपादनही नाही आणि आपोआप सेव्ह होणंही नाही. मग दोघांनी आपापल्या जागी नेट नसताना बदल केले की वन ड्राइव्ह दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावामागे कॉम्प्युटरचं नाव जोडतं. लोक याला बिघाड समजतात आणि त्यातली एक प्रत पुसून टाकतात. खरं तर ती सेवेने दाखवलेली सावधगिरी असते. बिघाड प्रत पुसल्यावर होतो, कारण तिच्यात दुसऱ्या माणसाचं दिवसभराचं काम असतं.

गुगल ड्राइव्हवर धोका वेगळ्या जागी आहे. तिथे त्याच नावाची नवी फाईल जुनीच्या जागी बसू शकते. जुन्या आवृत्त्या मागे राहतात, पण गुगलच्या स्वतःच्या नसलेल्या फाईलींच्या बाबतीत त्या तीस दिवसांनंतर किंवा शंभर आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. ‘कायम ठेवा’ अशी खूण आपण स्वतः केली तरच त्या टिकतात. आपल्याकडच्या हिशेबाचं चक्र महिन्याचं नाही, वर्षाचं आहे. पावसाळ्यात कुणी चुकीची प्रत चढवली तर ते कळतं मार्चअखेरीला, किंवा त्याहून पुढे लेखापरीक्षक आल्यावर. तोवर तीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे हा विश्वास इथे सर्वांत महाग पडतो, आणि म्हणून सिंक सुरू करण्याआधी आवृत्त्यांचा हा नियम सचिवाला किंवा लिपिकाला समजावून सांगणं हे मी दुरुस्तीचाच भाग मानतो.

जुन्या प्रकाराचं नुकसान खेड्यापुरतं आहे असंही नाही. एक्सएलएसच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. एक्सएलएसएक्समध्ये त्या १०,४८,५७६ झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएसच्या साच्यात ओतली जात होती, आणि साचा भरल्यावर पुढच्या ओळी बाहेरच राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवताच आलं नाही. पैसा, माणसं, नेट यांपैकी कशाचीही तिथे वानवा नव्हती. साचा तेवढा जुना होता. एखाद्या सोसायटीची सभासद यादी पासष्ट हजारांवर जाणार नाही हे खरं, पण अशा साच्याचा स्वभाव त्यातून कळतो: भरल्यावर तो ओरडेलच याची खात्री नसते.

फाईलचा प्रकार बदलणं तुलनेने सोपं आहे. वर्डमध्ये ‘कन्व्हर्ट’ आहे, आणि शेकडो फाईली असतील तर लिबरऑफिस एका आज्ञेत सगळं फोल्डर बदलून देतं, तेही फुकट. एकच गोष्ट करू नये, आणि तीच फार जण करतात: फाईलच्या नावाचं शेपूट बदलून डॉकचं डॉकएक्स लिहिणं. त्याने आतलं काहीच बदलत नाही, फक्त फाईल उघडेनाशी होते.

मराठीचं खरं दुखणं दुसऱ्या थरात आहे आणि या कामातला बहुतेक वेळ तिथेच जातो. जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे. पडद्यावर ‘शेतकऱ्याचे नाव’ दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक निरर्थक माळ असते. ती माळ मराठी आहे हे सांगणारा पुरावा एकच, तिच्यावर लावलेलं फॉन्टचं नाव. सिंकमध्ये फाईल जाते, फॉन्ट बहुधा जात नाही. मोबाईलवर तो फॉन्ट नसतो आणि ब्राउझरमध्येही नसतो, म्हणून माळ उघडी पडते. त्याहून मोठं नुकसान न दिसणारं असतं. ड्राइव्हच्या शोधात मराठी नाव टाकलं तर काहीही सापडत नाही. यादी अकारविल्हे लावली तर ती फॉन्टमधल्या जागांच्या क्रमाने लागते. एकाच सभासदाच्या दुबार नोंदी जुळत नाहीत. सीएसव्ही केली की फॉन्ट गळून पडतो आणि यादी वाचताच येत नाही. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला फॉन्टवर न विसंबता स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड. त्याच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरी होती. भारतीय लिप्यांसाठीचं आपलं इस्की हे मानक त्याच वर्षी सुधारून आलं. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे साठवणीचं मानक २००९ मध्ये ठरवलं. मानकं वेळेवर आली होती, पण जुन्या फाईली त्यांच्याकडे नेण्याचं काम कुणाच्या नावावर लिहिलं गेलं नाही.

क्रमाचा मुद्दा इथे कळीचा ठरतो. आधी फाईलचा प्रकार बदलायचा, पण फॉन्टची नावं जागच्या जागी ठेवून. मग प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहून फक्त जुन्या मराठी फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. मग तो माणसाने वाचायचा, आणि शेवटी सिंक. घाईत लोक उलटं करतात. सगळा मजकूर निवडून एखाद्या रूपांतराच्या चौकटीत चिकटवतात. चिकटवताना फॉन्टची नावं जातात, आणि मग मराठी कुठली व खरी इंग्रजी कुठली हे यंत्राला ओळखता येत नाही. गट नंबरापुढचं इंग्रजी अक्षर, बँकेचा आयएफएससी कोड, औषधाचं किंवा बियाण्याचं इंग्रजी नाव, हे सगळं ‘मराठी’ होऊन बसतं. मूळ फाईल जवळ असेल तर हे सावरता येतं. मूळ फाईलवरच ही प्रत सेव्ह झाली असेल तर पुढे फक्त अंदाज उरतो, आणि खातेदाराच्या क्रमांकाचा अंदाज करायचा नसतो.

रूपांतर नीट झालं की नाही हे तपासायला या परिसरातली गावांची नावं फार उपयोगी पडतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. दीर्घ वेलांटीवरच्या रफाराला काही फॉन्टांत स्वतंत्र जोडआकार असतो आणि रूपांतराचा तक्ता अपुरा असेल तर तो हमखास सुटतो. म्हणून सुर्डी, इर्ले, सर्जापूर, तुर्कपिंपरी ही बार्शी तालुक्यातली नावं आधी पाहावीत. ‘सुर्डी’तला रफार आणि वेलांटी जागेवर असेल, ‘तुर्कपिंपरी’त रफार क वरच राहिला असेल आणि पुढच्या पि ची वेलांटी मागे सरकली नसेल, तर तक्ता बराचसा भरवशाचा. मग ‘शेतकऱ्याचे’ पाहावं. तिथे आडवा अर्धा र हवा. रूपांतरात तो हरवला की ‘शेतकर्याचे’ होतं आणि पुढे शोध घेताना एकच शब्द दोन होतात. ही तपासणी पुण्या-मुंबईत बसलेल्या यंत्राला करता येत नाही असं नाही, पण त्याला हत्तीज आणि मालवंडी ही खरी गावं आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं. तो कुणीतरी इथलाच असतो.

माणसाने वाचण्यावर मी एवढा भर का देतो, याला आपल्याच राज्यात मोठा दाखला आहे. सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांतल्या तफावती काढण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. लोकांसमोर उतारे वाचले गेले, चुका नोंदवल्या गेल्या, दुरुस्त्या झाल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा मिळू लागले. क्रम लक्षात घ्यावा: आधी वाचन, मग स्वाक्षरी आणि मग जिथून हवा तिथून उतारा. लहान प्रमाणावर सोसायटीच्या यादीलाही हेच लागू आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर, जिल्हा बँकेशी आणि राज्य बँकेशी जोडलेलं. योजना चांगलीच आहे. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली जाणारी जुनी यादी चुकीच्या फॉन्टात असेल तर चूक सोसायटीच्या कपाटातून निघून थेट देशपातळीवरच्या नोंदीत जाईल, आणि तिथून ती काढणं गटसचिवाच्या हातात राहणार नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप मूळ दस्तऐवजाचा: जुन्या फाईलला हात लावला तर पुरावा बिघडेल. भीती रास्त आहे. रूपांतराने फाईलची तारीख बदलते, पानांची मांडणी सरकते, कधी तक्त्याची एखादी चौकट हलते. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्रात २००५ चा अधिनियम आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाईलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. एक अक्षर बदललं तरी हे मूल्य बदलतं. पण यातून निष्कर्ष निघतो तो मूळ प्रत जपण्याचा. रूपांतर करूच नये, असा तो निघत नाही. मूळ फाईली वेगळ्या फोल्डरात झिप करून, फक्त वाचण्यापुरत्या ठेवाव्यात, त्यांचं हॅश लिहून ठेवावं आणि रोजचं काम रूपांतरित प्रतीवर करावं. उलट आज मूळ प्रतच सिंकच्या फोल्डरात सगळ्यांना बदलता येईल अशी पडलेली असते, आणि पुराव्याला त्याहून मोठा धोका नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: सगळ्याची पीडीएफ करून टाका, कटकट मिटेल. दिसण्याची कटकट मिटते हे मान्य. सही झालेला ठराव किंवा दिलेला दाखला पीडीएफमध्येच असावा. पण जुन्या फॉन्टातून केलेल्या पीडीएफच्या आत तीच रोमन माळ असते. शोध लागत नाही, नाव उचलून दुसरीकडे घेता येत नाही, पुढच्या वर्षीची यादी तिच्यातून करता येत नाही. कागद म्हणून ती उत्तम, माहिती म्हणून मुकी. तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा: फोटो काढला की आता यंत्र मराठी वाचतं, मग जुन्या फॉन्टशी झगडायचं कशाला? मूळ फाईल हरवली असेल आणि फक्त कागद उरला असेल तर तोच मार्ग आहे. पण फाईल हातात असताना तिच्या चित्रावरून अंदाज बांधणं म्हणजे खात्रीची वाट सोडून अदमासाची धरणं. फॉन्टचा तक्ता पूर्ण असेल तर रूपांतर दर वेळी तेच उत्तर देतं आणि चूक असलीच तर ती सगळीकडे सारखी असते, एकदा सापडली की एकदम दुरुस्त होते. चित्रावरून वाचलेल्या मजकुरात चुका विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते.

एक आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मला तो आदराने घ्यावासा वाटतो: एका कंपनीच्या जुन्या प्रकारातून त्याच कंपनीच्या नव्या प्रकारात जाण्यात सुटका कसली? डॉकएक्सला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली तेव्हा भारताचं मत विरोधात होतं, आणि ओडीएफ हा खुला प्रकार त्याआधीच, २००६ मध्ये, मानक झाला होता. ज्यांना ओडीएफ वापरणं शक्य आहे त्यांनी जरूर वापरावा. पण वैरागच्या दुकानातून बार्शीच्या तहसिलात आणि तिथून सोलापूरला जाणारी फाईल समोरच्या टेबलावर उघडली पाहिजे, आणि आज तिथे डॉकएक्स उघडते. शिवाय तिची पेटी उघडून आतला मजकूर कुठल्याही साध्या साधनाने वाचता येतो. युनिकोडमधला मजकूर एकदा सुटा झाला की पुढे त्याला कुठल्याही प्रकारात नेता येईल. अडवणूक मजकुराच्या साठवणीत होती. पेटीत ती त्यामानाने थोडीच होती.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि खर्चाचा. हजारो फाईली आहेत, माणूस एक आहे, पगार तोच आहे. सगळ्या बदलायच्या म्हटल्या तर काम कधीच सुरू होणार नाही. म्हणून मी फाईलींचं वय पाहत नाही, त्यांची वंशावळ पाहतो. ज्या फाईलीतून पुढच्या वर्षीची फाईल जन्मणार आहे ती आधी घ्यावी: सभासद यादी, मागणी-वसुलीचा तक्ता, नोटिशीचा मसुदा, दाखल्याचा नमुना. अशा फाईली कुठल्याही कार्यालयात मोजक्याच असतात, आणि त्या युनिकोडमध्ये, नव्या प्रकारात आल्या की नव्या जुन्या-फाईली तयार होणं त्या दिवसापासून थांबतं. मागचा साठा मग सवडीने, लागेल तसा बदलता येतो. जो कधीच लागणार नाही तो मूळ रूपात झिपमध्ये पडून राहिला तरी चालतो. टायपिस्टचा कळपाट बदलायची सक्तीही नको. रेमिंग्टनच्या कळांवर थेट युनिकोड उमटवणारे कळपाट मिळतात. बोटं तीच राहतात आणि साठवण बदलते. हे करायला योग्य काळ मार्चअखेरीचा नव्हे, कारण तेव्हा कुणालाच फुरसत नसते. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं फोल्डर करताना, मागच्या वर्षीची फाईल उघडून साल बदलण्याच्या आधी, ही मोजकी रूपांतरं उरकून घ्यावीत आणि मगच ते फोल्डर ड्राइव्हला जोडावं.